दोन पावलांचा बोळ

नाव माझं साखराबाई, पण जिभेला साखर न्हाई, हे गावात कुणालाबी इचारा. पाटोद्याच्या वरल्या अंगाला, डोंगराच्या कडंला आमचं गाव. दसरा झाला की ट्रॅक्टर येतो आन् आमी नवरा-बायको ऊस तोडाया जातो, पार तिकडं नदीकाठच्या सहकारी कारखान्याला. सहकार कुणाचा, तर ज्याचा ऊस त्याचा. आमी नुसता कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता, आसंच मोजत्यात आमाला. मालकाचं, म्हंजी नवऱ्याचं, नाव रामकिसन. मी नाव घेत न्हाई, एकदा सांगितलं, फुडं मालकच म्हणणार.

त्या साली आमी घर दुरुस्तीला काढलं. साल दुष्काळाचं. मिरगाचे दोन शिंतोडे पडले आन् आभाळानं जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. लोक म्हणले, ह्या बाईला येड लागलंय, प्यायाला पाणी न्हाई आन् ही इटा भिजवाया निघाली. लागलं आसंल येड. पण त्या येडाला कारण व्हतं, आन् ते कारण पंधरा वरसांचं व्हतं.

शिवकन्या, माझी एकुलती एक लेक. सात वरसांची होईस्तवर ती आमच्यासंग फडातच वाढली. मग दर साली हंगामाला तिला आष्टीला माझ्या भावाकडं ठिवायची आन् उन्हाळ्यात घरी आणायची. आशी तिनं नववी काढली, ती बी चांगल्या नंबरानं. त्या उन्हाळ्यात भावाच्या घरात सून आली. खोल्या दोनच. भाऊ तोंडानं काई म्हणला न्हाई, पण भावजयीनं शिवकन्येची पिशवी भरून दारात ठिवली तवाच मी काय ते समजले. हंगामी वसतिगृह आठवीपतुर. दहावीची शाळा गावातच हाय, पण पोरीनं राहायचं कुठं?

मालकाचा जीव पोरीवर लई, पण भ्या त्याहून लई. म्हणला, "एकली पोर आन् एक बहिरी म्हातारी, ह्या घरात सहा महिने? कुणी लाथ मारली तर दार आत पडंल." म्हातारी म्हंजी बायनाबाई, माझी चुलत सासू. तिला कुणी न्हाई, ती पोरीच्या सोबतीला राहाया तयार व्हती. मालकाचं म्हणणं खोटं नव्हतं. आमचं घर म्हंजी एक दगडी खोली, दाराच्या फळ्यात बोट जाईल एवढी फट. न्हाणी मागल्या अंगाला, चार मेढी रवून लुगडं गुंडाळलेलं. बाकीचं उरकाया झुंजुमुंजू व्हायच्या आत डोंगराकडं. मी केलं ते समदं, कसं केलं ते माझं मला ठावं. फडात आडोशाला बसताना कुणाची चाहूल लागली की काळीज तोंडाला यायचं. हे मी मालकाला बी कधी सांगितलं न्हाई. लेकीच्या वाट्याला ते नको, एवढंच माझं देवाला मागणं व्हतं.

आन् ह्या असल्या टायमाला माणिकरावनं स्थळ आणलं. माणिकराव आमच्या दूध संस्थेचा चेअरमन. संस्थेत दूध न्हाई, गावात म्हशी न्हाईत, पण चेअरमन हाय. लिंबागणेशकडचं घर, पोरगं शिकलेलं, जमीन बरी. "पोरीची जात रामकिसन, कुठवर जपणार?" म्हणला. पंधराव्या वरसाला लगीन! कायदा मला ठावं हाय, आन् गाव कायद्याला किती भितं ते बी ठावं हाय.

मालक घरी येऊन म्हणला, "हे बघ. दसऱ्याच्या आत घर आसं झालं पायजे, का आतून कडी लावली की सकाळ होईस्तवर पोरीला कशापायीच भाईर यावं लागू नये. झालं तर करू दे दहावी. न्हाई झालं तर मी माणिकरावला होकार देणार. मग मला बोल लावायचा न्हाई."

"कसं होत न्हाई तेच बघते," मी म्हणले. शिवकन्या परातीत पीठ मळत व्हती. तिचा हात थांबला आन् परत चालू झाला. कमी बोलायची तिची रीतच हाय, माझ्यावर गेली न्हाई ते बरं.

गवंडी धुळाजी गावातलाच. आंगणात उकिडवा बसला, तंबाखू मळली, घराकडं लई वेळ बघितलं. म्हणला, "वैनी, इटा हायेत, पत्रे येतील. पण पाणी कुठं हाय? भिंत उठवली की आठ दिस पाणी मारावं लागतं, न्हाई तर सिमेट पीठ होऊन गळतं. टँकर तीन दिसाआड, घराला दोन टिपाडं. जेवढ्या भिंती तेवढं पाणी. ह्या साली चार मोठ्या भिंती आन् न्हाणीपुरत्या बुटक्या, त्याच्या वर एक इट मी लावणार न्हाई. काय बांधायचं ते तुमी ठरवा."

मालकाला ओसरी पायजे व्हती. मोठ्या हौशीनं बोलला, "फुडं ओसरी काढू. चार माणसं येतील, बसतील. माणिकरावच्या ओसरीवर मी आजपतुर खांबापाशी उभाच राहिलोय." मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तोंड माझं. म्हणले, "ओसरीला कडी कुठून लावता? बसायची हौस आसंल तर जोत्यावर बसा, पोरीच्या जिवावर ओसरी नको." दोन दिस माझ्याशी बोलला न्हाई. तिसऱ्या दिशी बोलला ते बी भांडायालाच. "चुलीच्या पल्याड संडास? घरात देव हायेत, बाटतील की!" मी म्हणले, "देवाला डोंगरावर जावं लागत न्हाई, म्हणून त्याला सुचतंय." धुळाजी तोंड फिरवून हसला. मालक बी मग गप बसला, आन् गप बसला म्हंजी झालं.

आखणीच्या दिशी मालक दार आणाया पाटोद्याला गेलता, दुसऱ्या दिशी परत येणार व्हता. धुळाजी चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन आला. म्हणला, "वैनी, खोली कुठं आन् केवढी पायजे ते तुमीच पावलं टाकून दावा. मी मागून फक्की सोडतो."

आता हे काम म्हंजी माझ्या हाडात मुरलेलं. कारखान्याच्या रानात ट्रॅक्टर थांबला की बाप्ये सामान उतरवत्यात आन् बाया पळत जाऊन कोपीची जागा धरत्यात. कोपी म्हंजी बांबूच्या कमानीवर ताडपत्री टाकलेली झोपडी, सहा महिन्याचं घर. जागा धरण्यावरून बाया एकमेकीच्या झिंज्या उपटत्यात, पण माझी जागा कुणी कधी घेतली न्हाई. मी पावलं टाकत निघाले आन् धुळाजी मागून पांढरी रेघ सोडत आला. मोजावं लागलंच न्हाई, पाय आपसूक वळत व्हते. एका ठिकाणी धुळाजी थांबला. "वैनी, जुनी खोली आन् ही नवी, ह्याच्या मधी दोन पावलं मोकळी कावून सोडली?"

"राहू द्या की, तसंच आसतं," मी म्हणले. तो म्हणला, तुमचं घर, तुमची मर्जी. दुसऱ्या दिशी त्यानं टिकाव घेतला. दुपार होईस्तवर दोन अंगाचा पाया गुडघाभर खोल गेला, आन् मी मनात म्हणले, बघा, होत न्हाई म्हणत व्हता.

शनिवार व्हता, शिवकन्येची शाळा सकाळची. ती आली, दप्तर ठिवलं आन् त्या फक्कीच्या रेघांच्या मधी जाऊन उभी राहिली. मग खाली बसली. हिकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"आई, चूल हितं ना? दाराच्या डाव्या अंगाला?"

"हा."

"पाण्याचं टिपाड हितं. पेटी त्या कोपऱ्यात, उशाला."

"हा गं. तुला न सांगता कसं कळलं?"

ती रेघेवर बोट फिरवत म्हणली, "आई, ही कोपी हाय."

मी म्हणले, काई बी बोलू नको, इटाची पक्की खोली हाय ही. ती उठली आन् रेघेवरून चालाया लागली. लांबीला पाच पावलं. रुंदीला चार. एकच दार, खिडकी न्हाई. मी कुठं खिडकी धरली व्हती? कोपीला खिडकी नसतीच, मला आठवणच झाली न्हाई. चालत चालत ती त्या मोकळ्या जागेत गेली. "आन् हा बोळ कशाला?"

"कोपीला कोपी चिकटवत न्हाईत," माझ्या तोंडातून निघून गेलं. "एक पेटली तर दुसरी..."

"इटाला आग लागती का, आई?"

धुळाजीनं टिकाव खाली ठिवला. शिवकन्या हळूच म्हणली, "मोठीआई जुन्या खोलीत, मी हितं. रातीला तिनं हाक मारली तर मी कडी काढून ह्या बोळातून जायचं? मग आप्पा म्हणत्यात ते कुठं राहिलं?" बायनाबाईला ती मोठीआई म्हणती आन् बापाला आप्पा. आन् मग आणिक एक म्हणली. "तुमी दोघं उन्हाळ्यात आल्यावर कुठं राहणार? तुमची जागाच न्हाई ह्यात."

खरं सांगते, धरणी पोटात घेईल तर बरं आसं झालं मला. जिला कोपीतून सोडवाया ही धडपड, तिला मीच माझ्या पायानं कोपी आखून दिली व्हती. आन् आमाला दोघांना धरलंच नव्हतं. घर म्हणलं की माझ्या डोक्यात ते आमच्याबिगरच उभं राहायचं. कुणी माझ्या थोबाडीत मारली आसती तर एवढं लागलं नसतं.

तेवढ्यात टेंपोतून दार घेऊन मालक आला. खोदलेला पाया, उभा धुळाजी, माझं तोंड, समदं बघून म्हणला, "काय झालं?" मी सांगितलं तसा भडकला. "अर्धा दिस खोदलंय ते बुजवायचं? दसरा अठरा दिसावर आलाय! पोरीच्या बोलण्यावर घर बांधायचं का?"

मी फावडं घेतलं आन् पाया बुजवाया लागले. मग मी म्हणले, "अठरा साल मी आखलं तितं राहिलाव ना? आता एकदा तिनं आखलं तितं राहा."

तो पाय आपटत गेला आन् त्या बोळात जाऊन उभा राहिला, बघावं तरी काय हाय म्हणून. जुन्या खोलीच्या भिंतीला पाठ लावली, समोरच्या रेघेकडं बघितलं, मग रस्त्याकडं बघितलं. भाईर आला तवा आवाज उतरलेला. "धुळाजी, हितं एखादा दडून बसला तर रस्त्यावरून दिसायचा न्हाई. बुजव तो पाया." आन् दुसरं फावडं उचलून माझ्या शेजारी माती ओढाया लागला.

शिवकन्येनं पावलं टाकली न्हाईत. धुळाजीकडून टेप मागून घेतला आन् आधी घरातलं मोजलं. बाज मोजली, पेटी मोजली, टिपाड मोजलं. टेंपोतून आणलेलं दार मोजलं, ते आत उघडलं की किती जागा खातंय ते बघितलं. बायनाबाईला बाजेवरून न्हाणीपतुर चालाया लावलं, आन् म्हातारी कुठं हात टेकती तितं खडूनं खूण केली. मग म्हणली, "नवी खोली जुनीच्या भिंतीला लागून घ्यायची. एक भिंत आयती मिळती. ती वाचली की खोली लांब होती, न्हाणी-संडास टोकाला पण आतच. जुन्या भिंतीला मधून दार फोडायचं. जुनी खोली तुमची, नवीत मी आन् मोठीआई."

धुळाजीनं बोटावर हिशेब केला. "तीनच मोठ्या भिंती. पाणी वाचलं की बे, रामकिसन!" म्हणला. "मी तीस साल गवंडी हाय, आन् त्या बोळाला मी नुसतं कावून म्हणून गप बसलो."

"आन् खिडकी रस्त्याच्या अंगाला," शिवकन्या म्हणली.

माझा जीव वर झाला. "रस्त्याकडं नको गं बाई. येणारा-जाणारा डोकावंल."

"गज बसवा. पण भाईरचं मला दिसाया पायजे, आई. कोण आलंय हे कळल्याबिगर मी कडी कशी काढू?"

मालक म्हणला, "घे खिडकी."

भिंत उठाया लागली तसं आमी रोज आंघोळ भिंतीला घातली. भिंतीपाशी पाट मांडायचा, पोत्याचा आडोसा करायचा, आंघोळीचं पाणी घमेल्यात धरायचं आन् तांब्या तांब्या करून इटावर मारायचं. भांड्याचं पाणी, तांदळाचं धुवण, समदं भिंतीला. धुळाजी ओली तरटं टाकून जायचा आन् बायनाबाई दिसभर त्यावर हात फिरवून बघायची, सुकलं की बोंब मारायची. तीन दिस टँकर आलाच न्हाई. त्या तीन दिसात आमी पिण्यातलं पाणी मारलं. शिवकन्या शाळंतून बाटली भरून आणायची, आन् ती बी स्वतः न पिता तिच्या खोलीच्या कोपऱ्यावर ओतायची. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. तिच्या जागी मी बी तेच केलं आसतं.

दसऱ्याच्या दोन दिस आधी जुन्या खोलीच्या चौकटीत नवं दार बसलं, घराला भाईरचं दार तेवढं एकच. मालकानं पोरीला आत घातलं, म्हणला, "कडी लाव." आन् भाईरून खांद्यानं तीन धडका दिल्या. दार हाललं न्हाई. तो खांदा चोळत, टोपी घालून माणिकरावकडं गेला. परत आला तवा मी इचारलं. म्हणला, "सांगितलं. पोर दहावी करतीय म्हणलो. खांबापाशी उभं राहूनच सांगितलं, पण सांगितलं."

ओसरी झाली न्हाई. फुडं नुसतं जोतं राहिलं. मालक संध्याकाळी त्यावर बसायचा, एकलाच.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिशी ट्रॅक्टर आला. निघायच्या टायमाला माणसाचं डोकं ठिकाण्यावर राहत न्हाई. गठुडी, पीठ, ताडपत्री, बांबू, शेजारणीच्या हाका, ट्रॅक्टरवाल्याचा हॉर्न. मी शिवकन्येला जवळ घेतलं, कडीचं दहादा सांगितलं, टँकरचं सांगितलं, मोठीआईच्या गोळ्यांचं सांगितलं. ती हा हा म्हणत व्हती. मग ती म्हातारीला चहा द्याया आत गेली आन् मी सामान चढवाया भाईर. शेवटी दोन कोयते राहिले म्हणून पळत आले. जुन्या खोलीतून कोयते घेतले, दारापाशी आले, दार ओढलं, खुंटीवरचं कुलूप काढून लावलं, दोनदा हिसका देऊन बघितलं, किल्ली कमरंला खोचली आन् रस्त्याला लागले.

ट्रॉलीवर चढाया पाय टाकला तवा मालक म्हणला, "आगं, आपलं दार वाजतंय."

"आपलं कोण वाजवंल?" मी म्हणले. "मी आत्ताच कुलूप लावून आले."

ट्रॅक्टरच्या आवाजात बी मग मला ते ऐकू आलं. आतून वाजत व्हतं, दोन-दोन ठोके. लेकीला मी कुलपात घातलं व्हतं! अठरा साल ह्या दिशी ह्या घराला मी कुलूप लावलं, आन् माझ्या हातानं आज बी लावलं. आत माणूस हाय हे त्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

कशी पळत आले ते मला ठावं न्हाई. किल्ली कुलपात जाईना. मालक मागून आला आन् माझं मनगट धरलं, तवा गेली. दार उघडलं तर शिवकन्या चहाचं पातेलं हातात घेऊन उभी. मला वाटलं रडंल, न्हाई तर चिडंल. ती शांतपणानं म्हणली, "आई, आता घरात माणूस हाय. कुलूप लावायचं न्हाई."

मी तितंच उंबऱ्यावर बसले आन् अठरा सालाचं रडले. भाईर ट्रॅक्टरवाला हॉर्नावर हॉर्न देत व्हता. मालक त्याच्यावर खेकसला, "थांब की बे! घरातून निघतोय आमी."